पिंजऱ्यातली रिकामी जागा

पिंजरा म्हटलं की माझ्या आजीला व्ही. शांतारामांचा १९७२ सालचा सिनेमा आठवतो, हॉस्टेलच्या मावशींना उंदीर आठवतो आणि मेकॅनिकलच्या पोरांना आठवतो रोल केज! रोल केज म्हणजे रेसच्या गाडीत ड्रायव्हरभोवती उभा केलेला लोखंडी नळ्यांचा सांगाडा. गाडी उलटली, तिने कोलांट्या खाल्ल्या, तरी आतला माणूस चिरडू नये म्हणून असलेला. मी आणि माझी रूमपार्टनर गेली दोन वर्षं असे पिंजरे बनवतोय. फरक एवढाच, की आमचा पिंजरा एका तळहातावर मावतो. कारण तो बसतो रिमोटवर चालणाऱ्या, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या मॉडेल कारवर.

"पण यात माणूस कुठे बसतो?" हा प्रश्न आम्हाला ओरलमधल्या प्रश्नांपेक्षा जास्त वेळा विचारला गेलाय. प्रश्न बिनतोड आहे. रिमोटच्या गाडीत कोणीच बसत नाही. मग वाचवायचं कोणाला? याचं उत्तर आम्हाला बऱ्याच उशिरा मिळालं, तेही कॉलेजात नाही, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत. पण त्याआधी पिंजरा बनतो कसा ते ऐका.

रिमोट कार म्हणजे जत्रेतलं खेळणं नव्हे हं. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये १/१२ मापाची पोर्शे ९३४ काढली आणि तेव्हापासून मोठ्या माणसांनी हा खेळ लहान मुलांच्या हातून जवळजवळ काढूनच घेतला. डिफरन्शियल, तेल भरलेले शॉक अॅब्सॉर्बर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन... टॉमच्या पुस्तकात जे जे आपल्याला छळतं, ते सगळं इथे बोटभर आकारात हजर असतं. आमच्या हाती आलेली गाडी सेकंडहँड होती, बॉडी फुटलेली. नवी मागवायची तर दोघींची महिन्याची मेस त्यात गेली असती. म्हणून ठरवलं, बॉडी नाहीच बसवायची. नुसता पिंजरा.

प्लास्टिकचे तयार पिंजरे मिळतात. थ्रीडी प्रिंटरवरही निघतात. पण प्रिंट केलेली नळी थरांवर थर रचून झालेली असते. धडकली की त्याच थरांच्या रेषेवर तुटते. आम्हाला वाकणारा पिंजरा हवा होता, तुटणारा नाही. पिंजऱ्याचं काम पोचे खाणं आहे. तुटलेला पिंजरा म्हणजे आतल्या माणसाकडे रोखलेले भाले!

म्हणजे धातूच. पण कुठला आणि केवढा? रॅलीच्या खऱ्या गाडीत, एफआयएच्या नियमाप्रमाणे, मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, नाहीतर ५० बाय २ ची सीमलेस नळी लागते. दहाने भागा. साडेचार मिलिमीटरची नळी, भिंत पाव मिलिमीटर. अशी नळी मागितल्यावर हार्डवेअरवाल्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेले नाही. शेवटी हाताशी दोन पर्याय उरले. एक, वेल्डिंगची ३ मिलिमीटरची भरीव लोखंडी फिलर सळई. दुसरा, ४ मिलिमीटर व्यासाची, अर्धा मिलिमीटर भिंतीची पितळी नळी.

इथे एसओएम कामाला आलं. (पुस्तकावर आता सॉलिड मेकॅनिक्स छापतात, पण हाक एसओएमच मारायची.) भरीव सळईचा एरिया मोमेंट ऑफ इनर्शिया येतो जवळपास ४ मिलिमीटरचा चौथा घात, नळीचा येतो साडेआठच्या वर. म्हणजे नळी दुप्पट भारी. पण पितळेचा यंग्ज मोड्युलस लोखंडाच्या साधारण निम्मा. दुप्पट गुणिले निम्मे, दोघांचा ताठपणा जवळजवळ सारखाच! वजनात मात्र सळई मीटरला ५५ ग्रॅम आणि नळी ४७ ग्रॅम. आख्ख्या पिंजऱ्याला तीनेक मीटर लागतात, म्हणजे पंचवीस ग्रॅमची बचत. तुम्ही म्हणाल, पंचवीस ग्रॅम तर चिवड्याची पुडी असते. पण एक दशांश मापात वजन हजारपट कमी होतं. म्हणजे खऱ्या जीपच्या टपावरून पंचवीस किलो उतरवल्यासारखं झालं. आणि टपावरचं वजन म्हणजे उलटायचं आमंत्रण.

नेमकं हेच गणित बाहाची टीम मोठ्या मापात करते. बाहाची स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे २००७ पासून, इंदूरजवळ पिथमपूरला. तिथला नियम सांगतो, मुख्य नळ्या २५.४ मिलिमीटर व्यासाच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या आणि निदान ०.१८ टक्के कार्बन असलेल्या पोलादाच्या घ्या. दुसरं माप हवं असेल तर त्याचा ताठपणा आणि ताकद त्याच्याइतकी आहे हे कागदावर सिद्ध करा. सीनियर्स रात्र रात्र जागून एक्सेलमध्ये जे करतात, ते आम्ही मेसच्या बिलाच्या पाठीवर केलं.

आता वाकवणं. सरळ नळी गुडघ्यावर दाबून वाकवली की ती आतल्या बाजूला चपटी होते, सरबताच्या स्ट्रॉसारखी. उपाय जुना आहे. नळीत बारीक, कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करायची आणि मग वाकवायची. वाळू भिंतींना आत येऊ देत नाही. त्याआधी पितळ मऊ करून घ्यावं लागतं. टॉर्चने तापवायचं, सावलीत धरलं तर मंद लाल दिसेल एवढंच, आणि थंड होऊ द्यायचं. पितळ वाकवत गेलं की कडक होत जातं आणि फार ताणलं की चिरतं. हे वर्क हार्डनिंग आम्ही पुस्तकात दोन मार्कांसाठी वाचलं होतं. जुन्या नाशकात तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे कारागीर ते पिढ्यान्‌पिढ्या मनगटाने वाचतात. थोडं ठोकायचं, परत भट्टीत टाकायचं, परत ठोकायचं. हातोडीचा आवाज बदलला की त्यांना कळतं, माल कडक झाला.

एफआयएचा आणखी एक नियम आम्ही जसाच्या तसा उचलला. वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. चारच्या नळीला बारा मिलिमीटर. म्हणून चोवीसच्या आसपास व्यासाचा गोल तुकडा लेथवर काढला, त्याला नळी बसेल अशी खाच मारली आणि झाला आमचा बेंडर. डावी-उजवी बाजू सारखी यावी म्हणून ड्रॉइंग एकास एक मापात छापून प्लायवूडवर चिकटवलं आणि रेषांच्या दोन्ही अंगांना खिळे ठोकले. नळी खिळ्यांत बसली तर पास, नाही तर नापास. इथे एटीकेटी नाही!

मग सांधे. एक नळी दुसरीला जिथे भिडते तिथे तिचं टोक गोल कानशीने माशाच्या उघड्या तोंडासारखं घासायचं, म्हणजे ते दुसरीवर चपखल बसतं. याचा कंटाळा फार येतो. एका पिंजऱ्यात तीस-पस्तीस अशी तोंडं असतात. पण यात सूट नाही, कारण चांदीचा डाक मोठी फट बुजवत नाही. तो बारीक फटीत स्वतःहून चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. सोल्डरिंग आयर्नवाला कथिल-शिशाचा डाक १९० अंशांच्या आतच वितळतो, सोपा आहे, पण पहिल्या आदळण्यातच सांधा उकलतो. चांदीच्या डाकाला साडेसहाशे-सातशे अंश लागतात आणि तो धरतो तो धरतोच.

तो शिकायला आम्ही सराफ बाजारात गेलो. एका माडीवर बसलेल्या वयस्कर कारागिरांनी विचारलं, "काय झाळायचंय पोरींनो, पैंजण?"

"नाही काका, जीपचा पिंजरा."

त्यांनी चष्मा काढला, सांगाडा डोळ्यांजवळ धरून फिरवला आणि एकच वाक्य बोलले, "आधी साफ कर. मळक्या अंगाला डाक लागत नसतो." मग टाकणखार पाण्यात कालवून सांध्याला कसा लावायचा, ज्योत डाकावर न धरता नळीवर कशी धरायची, हे दाखवलं. डाक वितळवायचा नाही, नळी एवढी तापवायची की तिने डाक वितळवावा. आणि एक ताकीद दिली, कॅडमियमवाला डाक घ्यायचा नाही. केडीएमचे दागिने म्हणून आपण जे ऐकतो, त्यातलं केडीएम म्हणजे हेच कॅडमियम. त्याचा धूर छातीत गेला की कारागीर आयुष्यातून उठतो. तेव्हापासून आमचं डाकाचं काम उघड्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि कॅडमियम नसलेल्या डाकानेच. झिंकचा मुलामा असलेली जीआय तारही याच कारणासाठी बाद.

सांधे जमले, तरी पिंजरा बनतो तो तिरप्या नळीने. चौकोन दाबला की तो पत्त्यांच्या घरासारखा एका अंगाला झुकतो. त्रिकोण झुकत नाही, त्याला मोडावंच लागतं. हे मला शिकवायला कुठल्याही सरांची गरज पडली नाही, कारण मी द्राक्षवाल्यांच्या घरातली. द्राक्षाच्या मांडवाच्या कडेचे अँगल बाहेरच्या बाजूला तारेने जमिनीत ताणून बांधतात. तो ताण सुटला की भर घडांनी लगडलेली बाग एका रात्रीत आडवी होते. अख्ख्या वर्षाचं पीक त्या तिरप्या तारेच्या जोरावर उभं असतं.

आता येतो तो मुद्दा, ज्यावर आमचं आणि अर्ध्या वर्गाचं भांडण झालं. आमची गाडी पिंजऱ्यासकट पाऊण मीटर उंच टेबलावरून फरशीवर पडली आणि पिंजऱ्याला ओरखडासुद्धा आला नाही. एकजण ओरडला, "स्केलने साडेसात मीटर! अडीच मजले! खऱ्या गाडीचा चेंदामेंदा झाला असता." ऐकायला भारी वाटतं, पण चूक. पाऊण मीटरवरून पडणारी वस्तू, मोठी असो की छोटी, जमिनीला भिडते तेव्हा तिचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. मॉडेलचं वजन हजारपट कमी, म्हणून धडकेची ऊर्जाही हजारपट कमी. पण ती ऊर्जा पचवणारा धातूही हजारपट कमी! म्हणजे प्रत्येक ग्रॅम धातूच्या वाट्याला तेवढाच मार येतो. आमची गाडी अडीच मजल्यांवरून पडली नव्हती, टेबलावरूनच पडली होती. तसंच ताशी ४० ने भिंतीला धडकलेलं मॉडेल खऱ्या गाडीच्या ताशी ४० चाच मार खातं, चारशेचा नाही. धडकेच्या बाबतीत मॉडेल बऱ्यापैकी खरं बोलतं.

खोटं बोलतं ते वजनाच्या बाबतीत. नुसतं उलटं करून ठेवलं, तर वजन हजारपट कमी आणि नळीचं क्षेत्रफळ शंभरपट कमी. म्हणजे ताण खऱ्याच्या एक दशांशच. छोट्या पिंजऱ्यावर गाडी उलटी ठेवून "बघा, काही होत नाही" म्हणणं म्हणजे मुंगीने हत्तीला वजन कसं उचलायचं ते शिकवणं! मॉडेलला प्रश्न विचारताना हे माहीत हवं, की कुठल्या प्रश्नाचं उत्तर ते प्रामाणिकपणे देईल आणि कुठल्या प्रश्नाला गोड बोलून फसवेल.

आणि तिसरी गोष्ट अशी, की तिथे स्केलचा काही संबंधच नाही. तो म्हणजे आकार. बाहाचा नियम सांगतो, ड्रायव्हरचं हेल्मेट आणि पिंजऱ्याच्या नळ्यांमधली रेषा यांत १५२ मिलिमीटर जागा रिकामी हवी, अंगाभोवती ७६. आमच्या मापात १५ आणि साडेसात. हे मोजायला माणूस लागणार. रूमपार्टनरने तारेवर एम-सील थापून सतरा सेंटिमीटरचा माणूस केला, डोक्याच्या जागी मोठी गोटी. नाव ठेवलं एमसीलराव. एमसीलराव ज्या दिवशी सीटवर बसले त्या दिवसापासून आमचं बोलणंच बदललं. आधी आम्ही म्हणायचो, "ही नळी खाली घेऊ, लुक भारी येईल." आता म्हणायला लागलो, "अगं, रावांचं डोकं!" मित्राकडच्या एका देखण्या तयार पिंजऱ्यात त्यांना बसवून पाहिलं, तर गोटी चक्क छपराच्या वर! दिसायला सुंदर, आत माणसाला जागा नाही. तेव्हा कळलं की पिंजरा म्हणजे नळ्या नव्हेत. पिंजरा म्हणजे आतली रिकामी जागा, आणि नळ्या म्हणजे तिचं कुंपण.

दिवाळीत गाडी घरी नेली. ऑक्टोबर छाटणी होऊन बागा फुटलेल्या, रोज ट्रॅक्टरवर ब्लोअर लावून फवारण्या चाललेल्या. काका फवारणीवरून आले, हातपाय धुतले आणि ओट्यावर गाडी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

"हे काय बनवून राहिली गं तू?"

मी सांगितलं. एमसीलराव दाखवले.

"म्हंजी आपल्या ट्रॅक्टरची कमान. तसंच ना?"

मी गप्प झाले. आमच्या छोट्या ट्रॅक्टरला सीटच्या मागे कमान होती, घडीची. मांडवाखाली ती वेलींना अडकते म्हणून काकांनी पहिल्याच हंगामात बोल्ट काढून ती उतरवली. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली, आता तिच्यावर वालाचा वेल चढलाय. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शिवारात कालव्याच्या भरावावरून एक ट्रॅक्टर उलटला. चालवणारा माझ्या चुलतभावाच्या वर्गातला. त्या ट्रॅक्टरलाही कमान नव्हती. आमच्या शेततळ्याचा चढ त्या भरावापेक्षा काही सोपा नाही आणि काका त्यावरून दिवसातून चार वेळा जातात.

सुट्टीत दुसरं काही केलं नाही. टेपने ट्रॅक्टरची मापं घेतली. एक दशांश मापाचा लाकडी ट्रॅक्टर केला, गिअरबॉक्सच्या उंचीवर शिशाचे तुकडे भरले, तीन मिलिमीटरच्या सळईची कमान केली. फळी एका बाजूने उचलत गेलो. किती तिरपं झाल्यावर ट्रॅक्टर कलंडतो हे फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर आणि वजनाच्या मध्याच्या उंचीवर ठरतं, ट्रॅक्टर छोटा की मोठा यावर नाही. म्हणजे हा प्रश्न मॉडेलला विचारण्यासारखा होता. कमानीशिवाय ट्रॅक्टर कलंडला तो सरळ पाठीवर पडला, एमसीलराव खाली. कमान लावून कलंडला तो कुशीवर येऊन कमानीवर अडला, राव आपल्या रिकाम्या जागेत. सातदा केलं. काका एक शब्द बोलले नाहीत. आठव्या वेळी त्यांनी स्वतः फळी उचलली.

मग मी त्यांना सांगितलं, की स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून दबून मरणाऱ्यांचं प्रमाण तिथे फार खाली आलं. अमेरिकेत कामगार चालवतात त्या ट्रॅक्टरांना १९७६ पासूनच्या उत्पादनात ती बंधनकारक झाली. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच कमान त्याच्यावर पडते. कमान घडी केलेली असेल तेव्हा मात्र पट्टा बांधायचा नाही.

काकांचा चेहरा उजळला. "मग उद्याच वेल्डिंगवाल्याला सांगतो. पाण्याच्या पाइपाची करून घेऊ, वेलीला लागणार नाही अशी बुटकी."

इथे मी पहिल्यांदा काकांना ठामपणे नाही म्हटलं. मॉडेलने आम्हाला आकाराबद्दल सांगितलं होतं, ताकदीबद्दल नाही. ट्रॅक्टरचं वजन पडल्यावर ती कमान टिकेल का, हा नेमका तो प्रश्न आहे ज्यात छोटं मॉडेल दहापट गोड बोलतं. पाण्याचा पाइप, कोणीतरी मारलेलं वेल्डिंग, मनाने पाडलेलं भोक... आणि बुटकी कमान म्हणजे रिकामी जागाच गेली. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर माणूस निदान जपून बसतो. खोट्या कमानीखाली तो निर्धास्त बसेल.

"तुमचीच कमान चांगली आहे काका. कंपनीने तपासून दिलेली. बागेत शिरताना घडी करा, बाहेर पडलात की उभी करा. एका पिनचं काम आहे."

"दिवसातून वीस वेळा?"

"वीस वेळा."

काका हसले आणि म्हणाले, "बघू, फवारण्या संपू दे." आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते मला लहानपणापासून माहीत आहे. मी परत नाशिकला आले. सबमिशनं सुरू झाली. एमसीलराव आता माझ्या टेबलावर, रिमोट गाडीत पट्टा बांधून बसलेले असतात. "यात माणूस कुठे बसतो?" असं कोणी विचारलं की मी त्यांच्याकडे बोट दाखवते, पण मनात दुसरंच कोणीतरी असतं.

गेल्या आठवड्यात व्हायवाच्या आदल्या रात्री काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम मुद्द्यावर.

"ताई, तो वालाचा वेल काढला. जुने बोल्ट गंजलेत. दुकानदार देतोय त्याच्या डोक्यावर ८.८ लिहिलंय. चालंल का?"

"मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा, काका. तेच घ्या. दुसरं नको."

पलीकडे कपाट उघडल्याचा आणि कागद चाळल्याचा आवाज आला. मी फोन धरून बसले.